मर्यादवेल आणि तिच्या मागचें रान

(धर्मग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाच्या उद्घाटनसभेंत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



महोत्सवाच्या प्रसंगीं धर्मगुरूनें काय बोलावें, याची एक रीत ठरून गेलेली आहे. ख्रिस्तमंदिराचा पाया कोणीं घातला, दगड कोठून आले, घंटा कोणीं दिली, शाळा कशी उभी राहिली, हें सांगावयाचें. आणि देवाघरीं गेलेल्या देणगीदारांस कृतज्ञतेनें आठवावयाचें. हा सर्व वृत्तांत स्मरणिकेंत इतर अधिकारी लेखकांनीं लिहावयाचें ठरलें आहे. सबब त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आज आम्हांस अशा एका बांधकामाविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्याचा पाया आपल्या पूर्वजांपैकीं कोणींहि घातला नाहीं, ज्यासाठीं आजवर एक पैचीहि वर्गणी गोळा करावी लागली नाहीं, आणि तरीहि ज्याच्या आडोशास आपलीं घरें, वाड्या, विहिरी व हें मंदिरसुद्धां उभें आहे. तें बांधकाम म्हणजे आपल्या पश्चिमेस समुद्राकांठीं असलेली वाळूची टेकडी आणि तिजवरील जुनें रान.

हा विषय आजच काढण्यास कारण आहे. समुद्राकांठच्या क्रुसाभोंवतीं जें रान उरलें आहे, त्याचा कांहीं भाग धर्मग्रामाच्या मालकीचा व उरलेला सरकारी आहे. महोत्सवाच्या निमित्तानें आपल्या भागांतील टेकडी सपाट करावी, झुडपें काढून तेथें मोटारी उभ्या करण्यास पटांगण करावें, कडेनें बांकें व हिरवळ करावी, अशी एक सूचना महोत्सवसमितीपुढें आलेली आहे. सूचना करणारांचें धर्मग्रामावर प्रेम आहे, याविषयीं आम्हांस तिळमात्र शंका नाहीं. परंतु निर्णय होण्यापूर्वीं आपण काय काढावयास निघालों आहों, हें सर्वांनीं समजून घेणें अवश्य आहे. मंदिर पडलें तर वर्गणी करून पुन्हा बांधतां येतें. ही टेकडी वर्गणीनें बांधतां येत नाहीं.

प्रथम ही टेकडी होते कशी, तें पाहूं. उत्तरेस वैतरणा व दक्षिणेस उल्हास नदीची खाडी, यांच्यामध्यें आपली वसई वसलेली आहे. नद्या डोंगरांतून रेती आणतात. समुद्र ती धुतो, तींत शंखशिंपल्यांचा चुरा मिसळतो व पुळणीवर टाकतो. ओहोटीनंतर पुळण सुकते आणि समुद्रावरचा वारा सुटला म्हणजे कोरडे कण जमिनीलगत उड्या घेत आंत येऊं लागतात. वाटेंत कांहींच अडथळा नसेल, तर ते थेट वाडींत व विहिरींत येऊन पडावयाचे. परंतु एखादी वेल अथवा गवताचा झुबका आडवा आला, तर तेथें वाऱ्याचा जोर मंदावतो व वाळू खालीं बसते. त्या जागीं धोंडा असता, तर तो हळूहळू वाळूखालीं गडप झाला असता. वेलीचें तसें नाहीं. जितकी वाळू तिजवर पडते, तितकी ती वर येते. पेरापेरास मुळें सुटतात, नवे फुटवे निघतात, आणि ते पुन्हा नवी वाळू अडवितात. अशा रीतीनें वारा आणि वेल या दोघांच्या श्रमानें टेकडी वर्षानुवर्षें चढत जाते.

या कामांत अग्रभागीं असते ती मर्यादवेल. शेळीच्या खुरासारखें दुभंगलेलें पान आणि जांभळट गुलाबी फूल असलेली ही वेल आपणांपैकीं प्रत्येकानें पाहिलेली आहे. तिला ओलांडूनच आपण समुद्रावर जातों. तिला मिळालेलें हें नांव किती अर्थपूर्ण आहे, याचा विचार करा. समुद्रानें येथवर यावें, याच्या पुढें येऊं नये, अशी जी रेघ, ती ही वेल होय. तिच्या जोडीस कोंकणच्या पुळणींवर एक राठ, टोंचणारें गवत येतें. तामिळ लोक त्यास रावणाची मिशी म्हणतात. त्याचे कांटेरी गोळे वाऱ्याबरोबर पुळणीवर गडगडत जातात व जातांजातां बीं टाकीत जातात. या दोघांनीं वाळूस थोडें स्थैर्य आणलें, म्हणजे त्यांच्या आडोशास निर्गुडी येते. टेंकूसारखीं मुळें रोवून केवडा उभा राहतो. आणि त्यांच्याहि मागें, जेथें खारा वारा कांहींसा गाळून पोंचतो, तेथें भेंड, करंज व उंडी हे वृक्ष वाढतात.

यांतील पुष्कळांचें बीं समुद्रच आणून देतो. उंडीचें फळ, केवड्याचें फळ, मर्यादवेलीचें बीं हीं सर्व खाऱ्या पाण्यावर तरंगतात व दूरच्या किनाऱ्यावरून येऊन रुजूं शकतात. करंज व उंडी यांच्या बियांचें तेल आपल्या वाडवडिलांनीं दिव्यांत जाळलें, उंडीचें लांकूड होड्यांस वापरलें, केवड्याच्या पानांच्या चटया विणल्या. या रानानें आपणांस पुष्कळ दिलें आहे; तथापि त्याचें मुख्य देणें तेल अथवा लांकूड हें नव्हे. आम्ही ज्यास मुख्य म्हणतों, तें म्हणजे त्याचा क्रम. प्रत्येक ओळ मागच्या ओळीसाठीं खारा वारा आपल्या अंगावर घेते. पुढच्या झाडांचे शेंडे वाऱ्यानें कातरल्यासारखे होतात व त्यांचा एक उतार बनतो; त्या उतारावरून वारा वर चढतो आणि मागील घरांच्या कौलांवरून निघून जातो. हा क्रम उलटा करतां येत नाहीं. उघड्या वाळूवर एकदम उंडी लावली, तर खारा वारा तिचे कोंब जाळून टाकतो. पुढची वेल तुडविली, तर मागच्या मोठ्या झाडाखालची वाळू निसटूं लागते. वेल नाहीं तर झुडूप नाहीं, झुडूप नाहीं तर वृक्ष नाहीं, आणि वृक्ष नाहीं तर मागें वाडी नाहीं.

आतां पाण्याविषयीं थोडें सांगूं. पावसाचें पाणी खडकावरून वाहून जातें. वाळूंत तें मुरतें. मुरलेलें गोडें पाणी खाऱ्या पाण्यापेक्षां हलकें असल्यामुळें, जमिनीच्या पोटांत तें खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतें. भूजलाच्या अभ्यासकांनीं असा हिशेब बसविला आहे कीं, समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक हात असेल, तर तिच्याखालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी समुद्रास दाबून धरतें. उलटपक्षीं, वरची पातळी एक हात उतरली, तर खारें पाणी खालून चाळीस हात चढूं पाहतें. यावरून टेकडीचें मोल ध्यानांत येईल. ती आपल्या विहिरींची भिंत आहे व टांकीहि आहे.

हॉलंड देशांतील आम्स्टरडॅम शहर १८५३ सालापासून समुद्राकांठच्या अशाच टेकड्यांतील पाणी पीत आलें आहे. शहर वाढलें, उपसा अतोनात झाला, आणि खालून खारें पाणी वर येऊं लागलें. शेवटीं १९५७ पासून नदीचें पाणी दुरून आणून त्या टेकड्यांत मुरविण्याचा खर्चिक उपाय त्या शहरास योजावा लागला. आपल्या वाडवडिलांनीं हें शास्त्र पुस्तकांतून शिकलें नव्हतें. तरीहि त्यांनीं वाडीवाडींत बावखलें खणलीं, पाऊस त्यांत सांठविला, आणि रहाटानें जेवढें लागेल तेवढेंच पाणी काढलें. हल्लीं पुष्कळ बावखलें बुजलीं, रहाट गेले, विजेचे पंप आले. २०२४ सालीं देवाघरीं गेलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनीं हरित वसईची जी चळवळ चालविली, तिच्या मुळाशीं हीच पाण्याची व झाडांची चिंता होती. बावखलें बुजल्यावर पावसाचें पाणी मुरण्यास जी मोठी जागा उरली आहे, ती समुद्राकांठची वाळू. तीहि चोपून, फरसबंदी करून बंद केली, तर राजेळी केळीस व फुलवाडीस पाणी कोठून आणावयाचें, याचा विचार सूचना करणारांनीं अवश्य करावा.

यावर कोणी म्हणेल, "झाडेंच हवीं असतील, तर सुरू लावूं, लवकर वाढतात, दिसण्यांतहि सुंदर." सुरूविषयीं आमच्या मनांत आकस नाहीं. त्यानें सांवली दिली, सरपण दिलें, वारा अडविला. परंतु तें झाड मूळचें आपल्या किनाऱ्याचें नव्हे. पूर्वेकडील बेटें व ऑस्ट्रेलिया हें त्याचें घर, आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तें एकोणिसाव्या शतकांत लावलें गेलें. त्याच्या सुयांसारख्या पाल्याचा जाड थर खालीं सांचतो व त्यांतून दुसरें फारसें कांहीं उगवत नाहीं. एकाच वेळीं लावलेलीं, एकाच उंचीचीं झाडें. त्यांच्याखालीं वेल नाहीं, झुडूप नाहीं, रोप नाहीं. समुद्रानें पायथा पोखरला म्हणजे तीं मुळांसकट आडवीं होतात, हें दृश्य कोंकणच्या अनेक पुळणींवर आपण पाहतों. ३ जून २०२० रोजीं निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें, तेव्हां नारळीपोफळींबरोबर सुरूचीं झाडेंहि उन्मळून पडलीं; पुढल्या वर्षीं मे महिन्यांत तौक्ते वादळ आपल्या समोरून गेलें, तेव्हांहि आपणांस तोच अनुभव आला. मोठ्या वादळांत सर्वच जातींचीं झाडें पडतात. खरा प्रश्न हा, कीं पडलेल्या झाडाच्या जागीं खालून वर येण्यास कोण तयार आहे? जुन्या रानांत रोपें सांवलींत वाट पाहत असतात. सुरूच्या ओळींखालीं वाट पाहणारें कोणी नसतें.

दुसरा कोणी म्हणेल, "दगडी बंधारा बांधूं." जेथें समुद्र घरांच्या दारांशीं आला आहे, तेथें लोकांनीं बंधारा मागितला तर त्यांना नांवें ठेवणें निष्ठुरपणाचें होईल. परंतु बंधाऱ्याची एक खोड आहे. लाट त्यावर आपटून माघारीं फिरते, ती पायथ्याची वाळू ओढून नेते. आणि बंधारा जेथें संपतो, तेथें शेजाऱ्याची जमीन अधिक वेगानें खचूं लागते. टेकडीचें वर्तन निराळें असतें. उधाणाच्या दिवसांत ती आपली थोडी वाळू समुद्रास देते, त्या वाळूचा पाण्याखालीं उथळ बांध होतो, लाटा तेथेंच फुटतात; आणि शांत ऋतूंत समुद्र पुष्कळशी वाळू परत आणून टाकतो. ही देवघेव चालण्यास टेकडीच्या अंगावर वेल व पाठीवर रान असावें लागतें, आणि नदीची रेती समुद्रापर्यंत यावी लागते. धरणांत अडकलेली रेती आणि खाडींत व पुळणीवर होणारा उपसा, या दोहोंनीं समुद्राची ही शिल्लक आधींच घटविली आहे. अशा वेळीं उरलेली टेकडी आपल्याच हातांनीं पसरून देणें, हें दुष्काळांत कणगी फोडण्यासारखें आहे.

हें सर्व आपल्याच किनाऱ्यावरून सांगितलें. असेंच पण फार मोठें रान एके ठिकाणीं अद्यापि राखलेलें आहे, आणि तें आपणांस वाटतें तितकें परकें नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळ कुटुंबें वेलांकण्णीच्या आरोग्यमातेच्या यात्रेस जाऊन आलेलीं आहेत. त्याच किनाऱ्यानें दक्षिणेस गेलें असतां वेदारण्यम् हें गांव लागतें. १९३० सालीं राजगोपालाचारी यांनीं मिठाचा सत्याग्रह केला, तें हेंच. गांवाच्या नांवांतच अरण्य आहे. त्याच्या पुढें कोडिक्कराई नांवाच्या भूशिरावर, वाळूच्या टेकड्यांच्या पाठीवर, एक बुटकें परंतु दाट सदाहरित रान आहे. त्यांतील प्रमुख वृक्ष म्हणजे ज्यास आपण रांजण अथवा खिरणी म्हणतों, तो. तेथील मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत पडतो. उरलेले कोरडे महिने हे वृक्ष जाड, चिवट पानांच्या बळावर निभावून नेतात. फळें पक्षी खातात व बीं टाकतात, आणि रान आपल्यामागें आपली लागवड आपणच करतें. तामिळ किनाऱ्यावर या जातीचें रान पूर्वीं पुष्कळ होतें. आज जे तुकडे उरले आहेत, त्यांतील मोठ्यांपैकीं हा एक. मुख्यतः काळविटांच्या रक्षणासाठीं १९६७ सालीं तेथें अभयारण्य झालें. २००२ सालीं तेथील रान व पाणथळ मिळून रामसर कराराच्या जागतिक यादींत घेतलें गेलें. आपल्या मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक तेथें पक्ष्यांच्या पायांत वाळीं घालून त्यांच्या प्रवासाचा शोध घेत आलेले आहेत.

त्याच किनाऱ्यावर २६ डिसेंबर २००४ रोजीं, नाताळाच्या दुसऱ्या दिवशीं, रविवारीं सकाळीं, त्सुनामीची लाट आली. एका नागपट्टिणम् जिल्ह्यांत सहा हजारांहून अधिक माणसें दगावलीं; वेलांकण्णीच्या पुळणीवर शेंकडों यात्रेकरू वाहून गेले. त्या मृतांस प्रभु चिरशांति देवो. पुढें झाडांनीं लाट अडविली कीं नाहीं, याविषयीं शास्त्रज्ञांत मोठा वाद झाला. कुडलूर जिल्ह्याच्या पाहणीवरून कांहींनीं २००५ सालीं असें मांडलें कीं, झाडीमागील गांवांची हानि कमी झाली. दुसऱ्यांनीं उत्तर दिलें कीं, गांवाची उंची आणि समुद्रापासूनचें अंतर हींच मुख्य कारणें होत. झाडीवर इतका भार टाकूं नये. आम्हांस या वादांत न्यायनिवाडा करावयाचा नाहीं. परंतु दोन्हीं पक्षांचें म्हणणें मान्य करूनहि एक प्रश्न उरतो. सपाट किनाऱ्यास उंची कोण देतें? टेकडी देते. समुद्र आणि घर यांच्यामध्यें अंतर कोण राखतें? ज्या जमिनीवर आपण कांहीं बांधलें नाहीं, ती राखते. आणि ती टिकते तिजवर रान असल्यामुळें.

त्या आपत्तीनंतर घाईघाईनें किनाऱ्यावर मैलचे मैल सुरू लावण्यांत आला. कांहीं ठिकाणीं तो उघड्या टेकड्यांवरहि लावला गेला. मूळच्या वेली व गवत त्याखालीं दबलें, आणि समुद्रकासवांच्या अंडीं घालण्याच्या जागांवर अतिक्रमण झालें, असें अभ्यासकांनीं पुढें दाखवून दिलें. रक्षण करण्याच्या बुद्धीनेंच रक्षकाची जागा घेतली गेली. पुढें १६ नोव्हेंबर २०१८ रोजीं गज वादळ वेदारण्यम् जवळच किनाऱ्यास लागलें व कोडिक्कराईच्या जुन्या रानाचीहि मोठी हानि झाली. अशा वेळीं मोकळ्या झालेल्या जागेंत विलायती बाभूळ घुसते. ही बाभूळ परदेशांतून आलेली. तिच्या गोड शेंगा जनावरें खातात व बीं सर्वत्र पसरतें, आणि मूळच्या झाडांची रोपें तिच्याखालीं गुदमरतात. ती उपटून रानास श्वास देण्याचें काम तेथें करावें लागत आहे. यावरून आपणांस दुहेरी धडा मिळतो. राखलेलें रानहि घाव खातें. म्हणून एकदां कुंपण घालून निजून राहतां येत नाहीं. आणि घाव खाल्लेलें रान पुन्हा उभें राहूं शकतें, तें त्याचेंच बीं व त्याचींच रोपें जवळ उरलीं असतील तरच.

आतां श्रद्धेच्या अंगानें दोन शब्द. प्रभु येशूच्या एका दाखल्यांत वाळूवर घर बांधणारा मनुष्य मूर्ख ठरतो, हें आपण बाळपणापासून ऐकत आलों आहों. आपण तर पिढ्यान् पिढ्या वाळूच्या प्रदेशांत राहतों. मग आपण सर्वच मूर्ख काय? आपल्या जुन्या वस्तीकडे नीट पाहिलें म्हणजे उत्तर सांपडतें. वाडवडिलांनीं टेकडीवर घर बांधलें नाहीं. तें टेकडीच्या मागें बांधलें. टेकडीवर त्यांनीं उभा केला तो केवळ एक क्रूस, तोहि झाडें न तोडतां. जो वाळूचा स्वभाव ओळखतो व तिच्याशीं मर्यादेनें वागतो, त्याचें घर टिकतें. असिसीच्या संत फ्रान्सिसाविषयीं अशी परंपरा आहे कीं, मठाच्या बागेचा एक भाग नांगरल्यावांचून सोडून द्यावा, म्हणजे तेथें रानफुलें आपल्या इच्छेनें उगवतील, असें तो आपल्या बंधूंस सांगत असे. याच संतास १९७९ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं निसर्गरक्षणाचें कार्य करणारांचा आश्रयदाता म्हणून घोषित केलें. आणि पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या लाउदातो सी या परिपत्रकांत बागेच्या या गोष्टीची आवर्जून आठवण दिली. सर्वच जमीन माणसानें वापरली पाहिजे असें नाहीं. कांहीं जमीन ईश्वराच्या स्तुतीसाठीं तशीच राहूं द्यावी, हा त्यांतील बोध.

कायद्याचेंहि म्हणणें ऐकून ठेवावें. समुद्रकिनाऱ्याच्या नियमनाची पहिली अधिसूचना केंद्र सरकारनें १९९१ सालीं काढली. तीनंतर २०११ व २०१९ सालीं नव्या आल्या. २०१९ च्या अधिसूचनेंत वाळूच्या टेकड्यांची गणना अत्यंत नाजूक अशा पहिल्या वर्गांत केलेली आहे, आणि वाऱ्यावाळूची देवघेव चालू असलेल्या टेकड्या छाटणें अथवा बदलणें तींत निषिद्ध आहे. सबब जें आपणांस करूं नये असें आम्ही म्हणतों, तें आपणांस करतांहि येणार नाहीं. परंतु केवळ दंडाच्या भीतीनें हात आंखडावा, असें आम्हांस वाटत नाहीं. भीतीनें राखलेलें रान अधिकाऱ्याची पाठ फिरतांच तुटतें.

आतां शंकांचा विचार करूं. झुडपांत साप असतात, ही एक तक्रार आहे. साप असतात हें खरें. परंतु क्रुसामागें जो कचरा टाकला जातो, त्यावर उंदीर पोसतात, आणि उंदरांमागें साप येतात. कचरा थांबविल्यास तक्रार पुष्कळ कमी होईल. दुसरें गाऱ्हाणें मोटारींचें. क्रुसाजवळ मोठी गर्दी वर्षांतून दोनतीन दिवसच होते. तेवढ्यापुरतें शाळेचें पटांगण मोकळें आहे, आणि वृद्ध व आजारी यांना रिक्षानें वाटेच्या तोंडापर्यंत आणतां येईल. तिसरा प्रश्न आपल्या कोळी बांधवांचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. होड्या ओढण्याची त्यांची जुनी वाट व मासळी सुकविण्याची जागा यांस कोणत्याहि कुंपणानें बाध येतां कामा नये. समुद्रावर पहिला हक्क त्यांचा आहे. चौथें म्हणणें असें कीं, एवढ्याशा तुकड्यानें काय होणार? टेकडींत एक खिंड पडली, कीं वारा व उधाणाचें पाणी त्याच खिंडींतून घुसतें, ती रुंदावत नेतें, आणि दोन्हीं बाजूंची टेकडी पोखरली जाते. आपला तुकडा लहान आहे, म्हणूनच तो गमावला तर शेजारच्या गांवांसहि दार उघडें होईल.

तेव्हां आमची विनंती पुढीलप्रमाणें आहे. टेकडी सपाट करण्याची सूचना समितीनें मागें घ्यावी. क्रुसाकडे जाण्यास सध्यां पांचसहा वाटा पडल्या आहेत. त्यांतील एकच ठेवावी, तीहि समुद्राच्या वाऱ्याशीं सरळ न ठेवतां तिरकस न्यावी. बाकीच्या वाटांवर झावळ्या आडव्या अंथरून बांबूचें हलकें कुंपण करावें. झावळ्यांत वाळू आपोआप अडेल. पावसाच्या आरंभीं उघड्या जागीं मर्यादवेलीच्या फांद्या पुराव्या. त्या पेरांपासून सहज रुजतात. उंडी, करंज व भेंड यांची रोपवाटिका शाळेच्या मुलांनीं करावी. उंडीचें कठीण कवच जपून फोडून आंतला गर लावल्यास तो पुष्कळ लवकर उगवतो, हें मुलांनीं ध्यानांत ठेवावें. उभा सुरू कोणीं तोडूं नये. परंतु तो जेथें पडेल, तेथें सरकारी जागा असल्यास वनखात्याच्या अनुमतीनें, या देशी रोपांस जागा द्यावी. घाणेरी व रानमोडी हातानें उपटावी, आग लावूं नये. आणि वाळूची एक पाटीसुद्धां कोणीं घरकामास उचलूं नये.

शेवटीं एक लहानशी गोष्ट. धर्मग्रामाच्या दप्तरांत बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु यांची नोंद पंचाहत्तर वर्षें अखंड होत आलेली आहे. आपल्या पिढ्यांचा क्रम त्यांत वाचावयास मिळतो. यापुढें त्याच दप्तरांत एक नवें पान उघडावें, असा आमचा मानस आहे. टेकडीच्या पायथ्याशीं व माथ्यावर खुणा केलेले दोन खांब उभे करावयाचे, आणि दरवर्षीं पावसाळ्यापूर्वीं व पावसाळ्यानंतर वाळू किती चढली, किती उतरली, मर्यादवेल समुद्राकडे किती पुढें सरकली, हें मोजून तारखेसह लिहावयाचें. हें काम शाळेच्या वरच्या वर्गांतील मुलांमुलींनीं शिक्षकांसह करावें. शताब्दीच्या वेळीं जो कोणी धर्मगुरु येथें उभा राहील, त्यास त्या पानावरून आपला हिशेब एका दृष्टीनें कळेल.

येत्या आठवड्यांत समिती बसेल, तेव्हां हीं वचनें तिनें शांतपणें तोलावीं. ज्यांना आमचें म्हणणें पटलें नसेल, त्यांनीं सभेपूर्वीं आम्हांस भेटावें. आपण मिळून टेकडीवर जाऊं, मर्यादवेलीपासून उंडीपर्यंत चालूं, आणि तेथेंच बोलूं. परमेश्वर आपणां सर्वांस सुबुद्धि देवो, आणि आपल्या विहिरींचें पाणी गोड राखो.